काटेबाबांच्या वाडग्यातला लसूण

गाडी शिकवताना मी त्या कोपऱ्यावर शिकाऊ माणसाला विनाकारण हळू व्हायला सांगते. तिथे ना सिग्नल आहे, ना शाळा, ना गतिरोधक. "का हो मॅडम?" असं कुणी विचारलंच तर मी खेकसते, "सांगितलं तेवढं करा, नजर समोर!" त्याची नजर समोर जाते आणि माझी डावीकडे. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे, काचाच काचा आणि डोळे दिपवणारे दिवे. पण दारातली लाल फरशी त्यांनी बदललेली नाही. माझे बाबा संध्याकाळी त्या फरशीवर चपला दोनदा घासून आत शिरायचे आणि आपल्या ठरलेल्या टेबलावर बसून थाई जेवण जेवायचे.

माझे बाबा आणि थाई जेवण! बाबांना ओळखणाऱ्यांना हे अजूनही पटत नाही. "कोण, काटेबाबा? काहीतरीच काय!" म्हणतात.

काटेबाबा हे नाव त्यांना बाजाराने दिलं होतं. ते वजनकाटे दुरुस्त करायचे. वाण्याचे, भंगारवाल्याचे, सोनाराचे, दवाखान्यात तान्ही बाळं जोखतात तेसुद्धा. बाजाराच्या मागे त्यांचं दुकान होतं, दोन माणसं आत आली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढंच. तिथे एका लाकडी पेटीत पितळी वजनं आपापल्या खाचेत बसलेली असायची. त्यांना हात लावायची मला सक्त मनाई. बोटांच्या घामाने वजन बदलतं म्हणे. काटा जुळवताना बाबा श्वास रोखून बसायचे. पारड्यात चिमटीने शिशाचा कण टाकायचे, पुन्हा काढायचे, पुन्हा टाकायचे. काटा थरथरत मधे येऊन उभा राहिला की मग श्वास सोडून म्हणायचे, "आला मधे." त्या वेळी त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला वाटायचं, आत्ता काही मागितलं तर मिळेल. आणि मिळायचंही.

पण दिवसभर हेच करून त्यांना एक खोड लागली होती. चूक दिसली की राहवायचं नाही. लोकांच्या घरी गेले की भिंतीवरचं चित्र तिरकं आहे म्हणून उठून सरळ करायचे. डॉक्टरांच्या खोलीतलं घड्याळ पुढे आहे हे त्यांनी डॉक्टरांना तपासणी चालू असताना सांगितलं होतं, तोंडात थर्मामीटर असताना! माझ्या केसांचा भांग तर एकदाही सरळ निघाला नाही. "अहो, कशाला दुखवता लोकांना?" आई म्हणायची. "दुखवतोय कुठे? सांगतोय," बाबा म्हणायचे. माझा स्वभाव कुणावर गेला हे वेगळं सांगायला नको.

आई मात्र वेगळ्याच मातीची होती. तिला कशाचीच घाई नव्हती, आणि कशाचीच खंतही नव्हती. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या इमारतीतल्या खिडकीच्या इतकी जवळ होती की हात लांब केला तर वाटी इकडून तिकडे देता यायची. पलीकडे एक नर्सबाई राहायच्या. संध्याकाळी त्या ड्यूटीवरून आल्या, की त्यांचा चहा आणि आमची भाजी एकाच वेळी गॅसवर चढायची, आणि मग जे सुरू व्हायचं ते विचारू नका. कुठल्या वॉर्डात कोण कुणावर ओरडलं, कुठला पैलवान सुई बघून आडवा झाला, कुठल्या आजोबांनी नको असलेलं औषध कुंडीत ओतलं आणि कुंडीतलं झाडच कसं तरारलं. आई तेलात लसूण टाकायची, खिडकीत कोपर टेकवायची आणि ऐकत राहायची. लसूण पिवळा व्हायचा, मग तांबूस व्हायचा.

"लसूण!" बाहेरच्या खोलीतून बाबा ओरडायचे.

"बघतेय!" आई म्हणायची. बघत मुळीच नसायची.

आणि लसूण करपायचा. रोज! कधीतरी नाही, रोज. जेवताना बाबा ते काळे तुकडे एकेक करून वेचायचे आणि ताटाच्या कडेला ओळीने मांडून ठेवायचे, पोलिसांनी पुरावा मांडावा तसे. "अगं, साधं काम आहे. पिवळा झाला की काढायचा. जमू नये?" "उद्या काढते हं," आई म्हणायची आणि त्या कुंडीची गोष्ट सांगायला लागायची. हसता हसता तिच्याच डोळ्यांत पाणी यायचं. मी लहानपणी एका मैत्रिणीकडे जेवले तेव्हा भाजीत पिवळा लसूण दिसला, तर मला वाटलं त्यांच्याकडे कच्चाच खातात. लसूण मुळात काळा नसतो हे मला फार उशिरा कळलं.

मग आई आजारी पडली आणि बघता बघता गेली. नर्सबाई शेवटपर्यंत उशाशी होत्या. नंतर त्यांचंही मन तिथे रमेना, त्यांनी बदली मागून घेतली. त्या खिडकीला नव्या भाडेकरूंनी दुधी रंगाचा कागद चिकटवला. घरात मी आणि बाबा उरलो.

स्वयंपाक माझ्याकडे आला. माझं कामच असं की एक डोळा आरशात, एक रस्त्यावर आणि पाय ब्रेकवर. माझ्या हातून काय करपणार? भाजी वेळेवर, भात मोकळा, लसूण अगदी सोन्यासारखा पिवळा. बाबा दोन घास खायचे, "छान झालंय" म्हणायचे आणि ताट सरकवायचे.

छान झालंय! माझ्या बाबांच्या तोंडून! मला त्या शब्दांची धडकी भरली. ते ओरडले असते, चुका काढल्या असत्या, ताटाच्या कडेला काही मांडलं असतं, तर मी भांडले असते. पण छान म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? पट्ट्याला त्यांनी आपल्या हाताने दाभणाने नवं भोक पाडलं. काही दिवसांनी आणखी एक. मी बडबडले, रुसले, डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. यांना खायला घाला." जसं काही मी त्यांना हवा खायला घालत होते!

खरी हबकले मी भंगारवाल्याच्या प्रकरणाने. दुकानदारांचे मोठे, जमिनीवरचे काटे तपासायची बाबांची एक युक्ती होती. जड वजनं कोण वाहून नेणार? ते स्वतःच काट्यावर उभे राहायचे. त्यांचं वजन वर्षानुवर्षं बदललं नव्हतं. "मी म्हणजे चालतंबोलतं वजन," असं अभिमानाने सांगायचे. तर त्या दिवशी ते भंगारवाल्याच्या काट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "तुझा काटा कमी दाखवतोय." भंगारवाला शपथा घेऊ लागला. पण काटेबाबा म्हणतात म्हटल्यावर बोलणार काय? बाबांनी काटा उघडला, जुळवला आणि घरी आले. चार दिवसांत भंगारवाला आमच्या दारात. "काटेबाबा, सगळा माल जास्त भरतोय हो. माझं दिवाळं निघेल!"

बाबा उठले. पेटी उचलून गेले, पितळी वजनांनी काटा पुन्हा जुळवला, परत आले आणि खुर्चीत बसले. काटा बरोबर होता. कमी झाले होते ते बाबाच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा काटा चुकला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही, आणि तिसऱ्याही नाही. मला तर बाई रडूच कोसळलं. हे असंच चाललं तर हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत संपणार, आणि मी फक्त पिवळा लसूण घालत बसणार, एवढंच मला दिसत होतं.

घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून मी त्यांना संध्याकाळी गाडीत मागे बसवून न्यायला लागले. माझे शिकाऊ लोक कामावरून सुटले की यायचे, त्यामुळे संध्याकाळी मला फुरसत नसे. एका संध्याकाळी एका बँकवाल्याने त्या कोपऱ्यावर गाडी बंद पाडली. एकदा, दोनदा, पाचदा. मागून हॉर्नचा नुसता गदारोळ. मी तोंडाचा पट्टा सोडणार, एवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला.

"इथे काय मिळतं गं?"

मी मान वळवून बघितलं. बाबा खिडकीतून नाक बाहेर काढून बसले होते. कित्येक दिवसांत त्यांनी आपणहून काही विचारलं नव्हतं. समोर ते थाई हॉटेल होतं. आतून तेलात लसूण पडल्याचा वास येत होता.

"जेवण मिळतं. उतरता का?" मी विचारलं. आणि ते उतरले की! बँकवाल्याला मी म्हटलं, आजचा धडा संपला, गाडी ढकलायला शिकणं हाही धडाच आहे.

हॉटेल म्हणजे काय, सहा टेबलं. टेबलांवर फुलाफुलांची प्लास्टिकची आवरणं, पुसून पुसून फुलं निम्मी पुसली गेलेली. भिंतीवर नदीचं चित्र, अर्थात थोडं तिरकं. मेन्यूकार्डावरचे फोटो उन्हाने इतके विटले होते की सगळेच पदार्थ निळे दिसायचे. बाबांनी त्यातल्या त्यात कमी निळ्यावर बोट ठेवलं. नूडल्सचं सूप आलं, वर कोथिंबीर आणि तळलेला पिवळा लसूण. बाबांनी एक चमचा घेतला, जिभेवर घोळवला आणि म्हणाले,

"हे अर्धवट आहे."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तक्रार! माझ्या बाबांनी तक्रार केली! पण ती आतल्या मालकीणबाईंनीही ऐकली. त्या हात पुसत बाहेर आल्या. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई, कपाळाला घट्ट रुमाल बांधलेला. आमची भाषा त्यांना चांगली यायची, फक्त प्रत्येक शब्द त्या जपून, काचेचं भांडं ठेवावं तसा ठेवायच्या.

"अर्धवटच देतो," त्या म्हणाल्या. "उरलेलं तुम्ही करायचं." आणि टेबलावरच्या तारेच्या स्टँडमधल्या चार बरण्या त्यांनी बाबांपुढे सरकवल्या. एकीत साखर, एकीत मिरचीची भरड, एकीत सिरक्यात बुडवलेल्या हिरव्या मिरच्या आणि चौथीत माशाचं खारट पाणी. "आमच्याकडे प्रत्येक टेबलावर असतात. ज्याची जीभ त्याला माहीत."

बाबांचे डोळे चमकले. पारडं पुढे ठेवलंय आणि चार प्रकारची वजनं! ते कामालाच लागले. साखरेची चिमूट, चव. सिरक्याचे थेंब, चव. पुन्हा चिमूट. शेजारच्या टेबलावर टायरच्या दुकानातले दोघं जेवत होते, ते जेवायचं सोडून बघत राहिले. अर्धा तास हा उद्योग चालला. शेवटी बाबांनी चमचा खाली ठेवला.

"नाही आला मधे."

खाल्लं किती? चार-पाच चमचे. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळ होताच चपला घालून तयार. मग तो नेमच झाला. मी त्यांना तिथे सोडायची, माझे शिकाऊ आटपून पुन्हा घ्यायला यायची.

आता मालकीणबाईंचीही एक पद्धत होती. त्यांची आई त्यांच्या गावात नूडल्सची गाडी लावायची आणि रोज काम आवरताना टेबलांवरच्या बरण्या बघायची. ज्या टेबलाची साखर उतरली तिथे स्वयंपाकात काय कमी पडलं ते तिला कळायचं. लेकीने तेच उचललं होतं. बाबांचं टेबल बघून ही बाई चक्रावली. आज साखर उतरलेली, उद्या सिरका, परवा सगळंच थोडं थोडं. मग ती इरेला पेटली. बाबांनी काल साखर घातली? आज सूपच गोडसर. मग बाबा मिरची घालणार. आज मिरची जास्त? मग बाबा सिरका. वाढायच्या खिडकीतून ती बाबांकडे टक लावून बघायची, आणि बाबा तिच्याकडे न बघता बरणी उघडायचे. तिचा नवरा वाढायचं काम करायचा, अत्यंत गरीब माणूस. तो मला एकदा हळूच म्हणाला, "ताई, घरी पण हाच विषय असतो. झोपेत पण बोलते, साखर की सिरका?"

मला मौज वाटायची, पण आतून काळीज कुरतडत होतं. दोघांचं युद्ध रंगत होतं खरं, पोटात मात्र चारच चमचे जात होते. पट्ट्याला तिसरं भोक पडलं.

आणखी एक गोष्ट. मध्यंतरी बाबांनी टेबल बदललं. पंख्याखालचं चांगलं टेबल सोडून ते अगदी स्वयंपाकघराच्या दाराला लागून असलेल्या टेबलावर बसायला लागले. तिथे वाफ, धूर, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का. "बाबा, ही काय बसायची जागा आहे?" मी विचारलं.

"इथून बरं ऐकू येतं."

"काय ऐकू येतं? टीव्ही तर त्या टोकाला आहे!"

"तुला नाही कळायचं," म्हणाले. मी नाद सोडला.

त्याच्या थोडं आधीपासूनच काहीतरी पालटायला लागलं होतं. एक दिवस मी घ्यायला गेले तर वाडगा रिकामा. मला वाटलं, सांडला असेल. दुसऱ्या दिवशी वाडगा भरलेला, तिसऱ्या दिवशी पुन्हा रिकामा आणि मग रिकामाच. बाबा गाडीत बसल्यावर शिकाऊ लोकांना सांगायला लागले, "क्लच सोडताना घाई करताय तुम्ही." दुकानाचं कुलूप उघडलं. पट्टा एका भोकाने मागे आला. आणि एका सकाळी ते भंगारवाल्याकडे जाऊन त्याच्या काट्यावर उभे राहिले, काट्याकडे बघितलं आणि म्हणाले, "थोडं राहिलंय. पण तुझा काटा बरोबर आहे हं." भंगारवाल्याने हे मला रस्त्यात गाडी थांबवून सांगितलं. मी त्याच्या समोरच डोळे पुसले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

पण कशाने झालं हे? मला उमगेना. बाबांना विचारलं तर म्हणाले, "भूक लागते, खातो."

एका संध्याकाळी माझा एक शिकाऊ आला नाही. मी लवकरच हॉटेलात गेले. बाबांच्या पुढे नुकताच वाडगा येऊन पडला होता. म्हटलं बघू तरी काय अमृत देतात, आणि त्यांचा चमचा ओढून एक घोट घेतला.

कडू! वर तरंगत होते काळेकुट्ट तुकडे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हातारा माणूस बघून काहीही खपवतात? बाबा "अगं, अगं" करेपर्यंत मी दार ढकलून आत.

"अहो मालकीणबाई, हे काय आहे? हा लसूण आहे की कोळसा? बाकीच्यांना पिवळाधमक आणि माझ्या बाबांना हा? ते बोलत नाहीत म्हणून कुणी विचारणारंच नाही असं वाटलं का तुम्हाला?"

त्यांनी शांतपणे कढई बाजूला ठेवली. "तुमचं ओरडून झालं?"

"झालं!"

"मग ऐका. मी काय आनंदाने करपवते? माझ्या आईने बघितलं असतं तर उलथनं फेकून मारलं असतं." त्यांनी एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. "एक दिवस माझ्या बहिणीचा फोन आला. तिच्या लेकीला मुलगी झाली. मी बोलत राहिले आणि लसूण काळा झाला. मी फेकणार होते. पण माझ्या नवऱ्याने तो बघितलाच नाही, सूपवर घातला आणि बाबांना नेऊन दिला. माझी तर बोबडी वळली. आता काटेबाबा सगळ्यांसमोर माझी अब्रू काढणार! मी इथून बघतेय. ते वाडग्यात बघतायत. बघतच राहिले. मग चमचा उचलला, आणि एकाही बरणीला हात लावला नाही. वाडगा रिकामा."

"म्हणजे?"

"मला पण हेच वाटलं, म्हणजे? दुसऱ्या दिवशी लसूण पिवळा दिला, सुंदर. त्यांनी चारही बरण्या उघडल्या. तिसऱ्या दिवशी मुद्दाम काळा दिला. वाडगा रिकामा. आता तुम्हीच सांगा, मी काय करू? माणसाने जेवायला तर पाहिजे."

मी स्टुलावर टेकले.

"आणि करपवणं सोपं नाही हो मला," त्या वैतागून म्हणाल्या. "लहानपणापासून हाताला सवय. पिवळा झाला की हात आपोआप गॅस बंद करतो. मग एक युक्ती केली. काटेबाबांचा लसूण टाकला की बहिणीला फोन लावते. बोलायला लागले की हात विसरतो. बहीण म्हणते, पूर्वी तुला महिनोन्महिने माझी आठवण नसायची, आता रोज काय गं? मी म्हटलं, इथे एक म्हातारे आहेत, मी बोलले तरच जेवतात."

गॅसच्या कडेला छोट्या कढईत थोडा करपलेला लसूण उरला होता. त्याचा वास मला आता आला. मघाशी रागात आला नव्हता, आता आला. दुधी कागद नसलेली ती खिडकी, त्यातलं आईचं कोपर, पलीकडची कपबशी, कुंडीतलं झाड, सगळं त्या वासात होतं. मी त्या स्टुलावर बसून हमसून हमसून रडले. मालकीणबाई घाबरल्या, पाणी घेऊन धावल्या.

"माझी आई असाच करपवायची," मी म्हटलं. "रोज."

त्या थांबल्या. "रोज?"

"रोज. शेजारणीशी बोलता बोलता. बाबा तिच्यावर ओरडायचे."

मालकीणबाईंनी वाढायच्या खिडकीतून बाहेर बघितलं. बाबा पाठमोरे बसले होते, दाराला अगदी लागून. मग पदराला पुसावेत तसे त्यांनी हात कमरेच्या फडक्याला पुसले.

"माझ्यासाठी पण एक वाडगा करा," मी म्हटलं. "तसाच."

मी तोंड धुऊन बाहेर आले आणि बाबांच्या समोर बसले. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं. त्यांचा वाडगा रिकामा झाला होता. तळाशी एकही काळा तुकडा नव्हता, आणि प्लास्टिकच्या फुलांवर कडेला काही मांडलेलंही नव्हतं.

आत फोन लागला. मालकीणबाईंचा आवाज चढला, उतरला, मधेच काहीतरी चुगली केल्यासारखा दबका झाला. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. बाबांनाही कळत नव्हतं. तरी ते मान थोडी कलती करून ऐकत होते, आणि गोष्ट रंगल्यावर हसतात तसे मिशीत हसत होते. तेलात लसूण पडल्याचा चर्र आवाज आला. वास सुटला. आधी गोडसर, मग खरपूस. आता काढायला हवा, आता तरी काढायला हवा. माहीत होतं मला सगळं, मीच सांगून आले होते, तरी माझं तोंड मला आवरेना.

"लसूण!" मी ओरडले आणि खुर्चीतून अर्धी उठले.

बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. पारडं हलत असलं की ते असाच हात ठेवायचे, दाबायचे नाहीत, नुसता टेकवायचे.

"राहू दे," ते म्हणाले. "बोलू दे तिला."

मी खाली बसले. आत मालकीणबाई कशालातरी खळखळून हसल्या. लसणाचा वास चांगलाच काळा झाला होता. बाबांनी रुमालाने एक चमचा पुसला, माझ्यापुढे ठेवला, आणि चारही बरण्या टेबलाच्या पार कडेला सरकवून दिल्या.